मनगट वेगळं, कोपर वेगळं

कुंभकोणमला आम्हा मराठी लोकांचं शनिवारचं भजन आटोपलं, की प्रसादाच्या सुंडलचा, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचा, द्रोण हातात पडायच्या आत माझ्यापुढे दवाखान्यांच्या फाइली येत. मी कापडाच्या दुकानात बसणारा, पण इंग्रजी वाचतो, म्हणून सगळ्यांच्या रिपोर्टांचा अर्थ मी सांगायचा अशी रीतच पडली होती. उंटावरचा शहाणा म्हणतात, तो मीच.

थोरल्या मुलाच्या मनगटाचं हाड न तुटता नुसतं मुडपलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, अशा फ्रॅक्चरला आता प्लास्टरही लागत नाही, नवीन संशोधन आहे, साधी पट्टी पुरे. मी ते फोनवर शोधून वाचलं. मनगटाशी मुलांचं हाड थोडं वाकडं जुळलं तरी वाढताना बरंचसं सरळ होतं, असंही त्यात होतं. मुलगा खडखडीत बरा झाला आणि मी भजनात ज्याला त्याला ते ऐकवत सुटलो.

पुढच्या वर्षी धाकटी, आठ वर्षांची, दारासुरमच्या रस्त्यावर सायकलवरून पडली. कोपराच्या वरचं हाड मोडून सरकलं होतं. भूल देऊन जागेवर बसवू, दोन तारा घालू, असं त्याच डॉक्टरांनी सांगितलं. मी फोन काढून त्यांनाच वाचून दाखवू लागलो.

"सार, ते मनगटाचं," ते तमिळमध्ये म्हणाले. "कोपराशी हाड फार कमी वाढतं. वाकडं राहिलं तर तसंच राहील."

"त्यांचें ऐकूं या की," बायको हळूच म्हणाली.

मी ऑपरेशनच्या कागदावर सही केली नाही. नुसतं प्लास्टर घालून पोरीला घरी आणलं. शनिवारी सगळ्यांनी माझीच बाजू घेतली, आणि मला बरं वाटलं.

हात कोपरातून आत वळून जुळला. आता हाड कापून सरळ करता येईल म्हणतात, पण तो विषय काढला की पोरगी उठून जाते. फाइली घेऊन कुणी येत नाही. आले तरी मी वाचणार नाही. माझी मलाच किळस येते.

ती मला एका शब्दानं बोलली नाही. शाळेत कुणी हाताबद्दल विचारलं, तर सांगते, मीच ऑपरेशनला घाबरले. तिच्या बाईंनी मला हे कौतुकानं सांगितलं, मुलगी किती प्रामाणिक आहे म्हणून. ऑपरेशन करायचं का, हे त्या दिवशी दवाखान्यात तिला कुणी विचारलंही नव्हतं.