धाकटीचं दार

आईला मी आयुष्यात बऱ्याच थापा मारल्या. कॉलेजला जादा तास आहे, मित्राचा वाढदिवस आहे, पोट दुखतंय. घरोघरी मुलं मारतात तशाच. त्या ती तोंडावरून ओळखायची आणि चालवून घ्यायची. एक थाप मात्र तिने खरी मानली आणि तिच्या भरवशावर चांगली साडी नेसून घराबाहेर पडली. त्या थापेची मला अजून लाज वाटते.

त्या वर्षांत भिवंडीतली लाइट येण्यापेक्षा जाण्यासाठीच प्रसिद्ध होती. नारपोलीत आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, कारखाने. लूम चालू असले की आम्ही घरात एकमेकांशी ओरडून बोलायचो. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला वाटायचं, यांचं भांडण चाललंय. लाइट गेली की लूम एकदम थांबायचे आणि घरात साध्या आवाजात बोलता यायचं. आमच्या भागातली संध्याकाळची लाइट नेमकी आईच्या मालिकेच्या वेळेला जायची. दुपारी तोच भाग परत दाखवत, तर तेव्हाही लाइट नसायची. आठवड्यातून एखादा भाग तिच्या नशिबी आला तर आला. बाकीची मालिका माझ्या गळ्यात पडली.

मी तेव्हा काल्हेरला एका गोदामाच्या ऑफिसात चलनं काढायचो. ऑफिसात कॉम्प्युटर होता आणि त्याला इंटरनेट होतं. एका साइटवर हौशी लोक कालचा अख्खा भाग लिहून काढायचे: कोण काय बोललं, कोण कोणाकडे रोखून पाहत राहिलं, कोणाच्या हातातून पूजेचं ताट पडलं. जेवणाच्या सुट्टीत मी ते वाचायचो आणि संध्याकाळी इमर्जन्सी लाइटच्या उजेडात, आई भाजी निवडत असताना, तिला सांगायचो. ऑफिसातल्यांना वाटायचं मी दुसरी नोकरी शोधतोय. वाटू दिलं. चांगला मिशीवाला माणूस सासू-सुनांची मालिका वाचतोय यापेक्षा ते बरं होतं.

मालिका तशी टुकार होती. एक थप्पड सोमवारी उचलली की बुधवारी गालावर बसायची. आईचा जीव मात्र तिच्यातल्या दोन बहिणींवर होता. थोरलीने घराण्याच्या इज्जतीपायी भरल्या घरात धाकटीवर खोटा आळ घेतला होता आणि धाकटी बॅग उचलून निघून गेली होती. ती गेली ती गेलीच. बहुधा त्या नटीला दुसरीकडे काम मिळालं असावं. घरातलं कोणी तिचं नावही काढेना. थोरली खुशाल करवा चौथ करत बसली. आई दर दोन-चार दिवसांनी विचारायची, "धाकटी कुठं हाय? तिचा काय झाला?" मी म्हणायचो, अगं, ती संपली. आईला ते पटत नसे.

न पटण्याचं कारण आमच्या घरात होतं. काल्हेरची आजोबांची जमीन मामाने गोदामासाठी द्यायची ठरवली, तेव्हा दोन्ही बहिणींच्या सह्या लागत होत्या. आईने मुकाट्याने केली. धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, अडली, म्हणाली, बापाच्या जमिनीवर माझंही नाव आहे, निदान मला विचारा तरी. तेव्हा मामाच्या अंगणात, सगळ्या भावकीसमोर, आई तिला म्हणाली होती की तुझा पहिल्यापासून बापाच्या जमिनीवर डोळा, म्हणून तर म्हातारपणी त्याची सेवा केलीस. मावशीने त्याच दिवशी सही केली आणि कल्याणला आपल्या घरी निघून गेली. त्यानंतर ती माहेरी आली नाही आणि आमच्याकडेही नाही. मी ज्या गोदामात नोकरीला होतो ते त्याच जमिनीवर उभं होतं. मामाच्याच शब्दावर मला ती नोकरी मिळाली होती.

तर एके दिवशी दुपारी घाईघाईत मी त्या साइटवर भलतीकडे क्लिक केलं. धाकटीचं नाव दिसलं म्हणून वाचायला लागलो. ती एका लहान गावात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत राहत होती. खाली गिरणी चालू असली की तिला मोठ्याने बोलावं लागे. एकटी असूनही ती चहा दोन कपांचा टाकायची आणि दुसरा कप तसाच गार होऊ द्यायची. यात वीज कडाडत नव्हती की कोणी तीनदा मान वळवून पाहत नव्हतं. डबा उघडायचा राहून गेला आणि खालून ट्रकवाला "भाई, चलान दो ना" म्हणून हाका मारायला लागला, तरी मी वाचतच होतो. आमच्या घरासारखं घर मी तोवर कुठल्याच गोष्टीत पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी आईला ते जसंच्या तसं सांगितलं. गोष्ट गार होणाऱ्या कपापाशी आली तेव्हा तिने निवडायची मेथी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी खरा भाग वाचायला गेलो तर त्यात धाकटीचा पत्ताच नाही. तेव्हा लक्षात आलं की काल मी साइटच्या वेगळ्याच कोपऱ्यात शिरलो होतो. तिथे मालिका बघणारेच आपल्या मनाने त्याच माणसांच्या गोष्टी लिहीत. बहुतेक गोष्टी कच्च्या होत्या, लग्नं लावून टाकणाऱ्या. ही एकच अशी होती. लिहिणारीने आपलं नाव दिलं नव्हतं, एक टोपणनाव तेवढं होतं. इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहायची आणि दर आठवड्याला एक तुकडा टाकायची.

आईला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं असं मी बरीच वर्षं स्वतःला पटवत होतो. खरं कारण साधं होतं. आई माझ्याकडे इतकं लक्ष देऊन कधी ऐकत नसे आणि मला ते आवडलं होतं. शिवाय पकडला जाण्याची भीती नव्हती. कधी लाइट असली आणि तिने खरा भाग पाहिला, तरी त्यात धाकटी नसायची. आई म्हणायची, "आज तिची बारी न्हाय." मी मान डोलवायचो.

असे काही आठवडे गेले. गोष्टीत थोरलीचा जीव आतून पोखरत चालला होता. ते लिहिणारीने असं लिहिलं होतं की मला सांगताना मध्ये थांबावं लागे, कारण आई खाली बघायची. मावशीचा विषय आमच्यात निघाला नाही. निघायची गरजही नव्हती. मग एका तुकड्यात थोरली बसमधून उतरली, गिरणीशेजारचा जिना चढली आणि धाकटीच्या दाराशी उभी राहिली. तिथे तो तुकडा संपला.

पुढचा आलाच नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. आई रोज विचारायची, दार उघडला का? मी म्हणायचो, आज दाखवलं नाही. मालिकावाले किती ताणतात म्हणून ती वैतागायची, आणि मी तिच्या वैतागाने वैतागायचो. एका संध्याकाळी ऑफिसात साहेबाची बोलणी खाऊन आलो होतो, उकडत होतं, डास चावत होते. तिने परत विचारलं. मी म्हटलं, उघडलं. मग? मग काय, थोरलीने एक शब्द न बोलता तिला मिठी मारली, दोघी रडल्या, मिटलं सगळं. पाणी प्यायला उठतो तसा उठलो आणि ते विसरूनही गेलो.

आई विसरली नाही. रविवारी सकाळी ती घडीची साडी नेसली, कोळंबीच्या लोणच्याची बरणी पिशवीत घातली आणि मला म्हणाली, "कल्याणच्या रिक्षात बसवून दे." कोणाकडे ते तिने सांगितलं नाही. मला कळलं होतं. नाक्यापर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेलो. तेवढ्या रस्त्यात मला सांगता आलं असतं. ती पदर सावरत होती आणि तिच्या तोंडावर लग्नाला निघालेल्या बाईचं हसू होतं. मी तोंड उघडलं नाही. उलट मनात म्हटलं, झालं तर चांगलंच होईल. रिक्षावाल्याला, आईला नीट उतरवा, असं मात्र मोठ्या काळजीने सांगितलं.

ती दुपारच्या जेवणाआधीच परत आली. बरणी पिशवीत तशीच होती. साडी न बदलताच तिने भात टाकला आणि मग माझ्याकडे न बघता सांगितलं. मावशी दारातच उभी होती. आईने पुढे होऊन तिला जवळ घ्यायला हात टाकले. मावशीने ते हात बाजूला केले आणि म्हणाली, "बोललीस ती चार लोकांसमोर, आनि मिठी मारायला गुपचूप येतेस?" शेजारच्या बाया बघत होत्या. आई जिना उतरली. एवढं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मना काय बोलायचा तेच सुचला न्हाय. वाटला, बोलायला लागत न्हाय." त्या वाक्यातलं 'वाटला' मी तिला वाटायला लावलं होतं. मी भात जेवलो. जेवलो याचंही वाईट वाटतं.

त्यानंतर काही दिवसांनी पुढचा तुकडा आला. लिहिणारी आजारी होती, तिने सर्वांची माफी मागितली होती. थोरलीने दार वाजवलं. धाकटीने कडी काढली नाही. मग थोरली जिना उतरली आणि गिरणीत दळणाला आलेल्या बायांच्या रांगेपाशी उभी राहून, गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून तिने आपण घेतलेला आळ शब्दाला शब्द लावून परत बोलून दाखवला, आणि म्हणाली, हे मी खोटं बोलले होते. गिरणीवाल्याने पट्टा बंद केला. वर धाकटी खिडकीत आली होती. ती एवढंच म्हणाली, ऐकलं, आज इतकं पुरे. थोरली बस पकडून परत गेली.

मी ते वाचलं आणि उठून गोदामाच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्या अनोळखी बाईला जे माहीत होतं ते मला माझ्या आईच्या पोटी जन्मूनही माहीत नव्हतं. चार लोकांत बोललेलं चार लोकांतच मागे घ्यावं लागतं. तिने धीर धरून लिहिलं होतं, मीही धीर धरून थांबलो असतो, तर आई ते ऐकून गेली असती. मी डासांना कंटाळून दार उघडून दिलं होतं. त्या बाईला निदान एवढं कळवायला हवं होतं की तिची गोष्ट भिवंडीत एका बाईला दर आठवड्याला तोंडी पोचते आहे. प्रत्येक तुकड्याखाली ती विचारायची, कोणी वाचतंय का? मी वाचायचो आणि साइट बंद करायचो.

त्या संध्याकाळी लाइट गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. मालिकेत धाकटी परत आलीच नाही, हे सगळं कोणीतरी बाई आपल्या मनाने लिहिते, आणि शेवटचं तर तिनेही लिहिलं नव्हतं. आईने हातातली भाजी ताटलीत ठेवली. मग तिने विचारलं, "दार तू उघडलास?"

मी हो म्हटलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्या बायनं काय लिवलाय ता सांग. तुझा त्याच्यात काय घालू नको." मी सांगितलं. गिरणी, रांग, खिडकी, बस. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. ऐकून झाल्यावर तिने भाजीची ताटली उचलली आणि आत गेली. त्या दिवशी तिने मला वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही.

पुढे एका रविवारी ती परत कल्याणला गेली. मी नाक्यापर्यंत येतो म्हणालो तर नको म्हणाली. या वेळी ती दिवेलागणीला परतली. मी दारातच विचारलं, काय झालं? पायातल्या चपला काढता काढता ती म्हणाली, "ता आमच्या दोघींचा हाय. तुला न्हाय सांगनार."

मावशी येऊ लागली, पण लगेच नाही. मधे एक पावसाळा गेला. मामाकडे काही झालं की नाही, आई तिथल्या अंगणात काही बोलली की नाही, मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. दोघी स्वयंपाकघरात सुका जवळा निवडत बसायच्या. लूम चालू असले तरी त्या हळूच बोलायच्या आणि त्यांना एकमेकींचं ऐकू जायचं. एकदा मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा मावशी आईला काहीतरी सांगत होती, हसत होती, डोळेही पुसत होती.

"गप," आई तिला म्हणाली, "तो आला."