कालेजाच्या मैदानावरचं खळं

आमच्या वस्तीच्या मागंच कालेज हाय. खेळाचे सर एकदा दारात येऊन म्हणले, "आजी, पोरींच्या खो-खोचे सामने भरायलेत. पाण्याच्या टाकीपशी बसताल का? पगार न्हाय, बिल्ला मिळंल." म्या म्हणलं, जलमभर पगार तरी कुठं धड मिळाला, आता बिल्ला घिऊन बघू.

बिल्ला लुगड्याला टाचला आन् त्याच्यावर काय लिवलंय ते एका पोरीला वाचाया लावलं. "स्वयंसेवक," ती म्हणली.

"म्हंजी काय गं?"

"फुकट राबणारं माणूस, आजी."

आता बघा, ते तर मी आठ वर्साची असल्यापून हाय. बिल्ला तेवढा उशिरा मिळाला.

आमच्या कालेजाच्या पोरी खेळाया लई चपळ. पर घरची माणसं म्हणायची, खेळायचं तर गावात खेळ, गावाभायेर पाय काढायचा न्हाय. दरसाली सामने दुसऱ्या गावात, आन् आमच्या पोरी घरात भाकरी थापत. औंदा पयल्यांदाच सामने आमच्यात आलते. पंच आदल्या दिशी येऊन मैदान बघून गेला. म्हणला, "सकाळी जमीन टणक पायजे. नसली तर सामने दुसऱ्या कालेजात नेतो." म्हंजी आमच्या पोरी परत चुलीपशी.

सरांनी धुरळा बसावा म्हणून टँकर बोलावला. टँकरवाला पाइप सोडून च्या प्यायला गेला. मास्तर मंडळी स्टेजवर कुणी कुठं बसायचं त्यावर भांडायली. आमची काळी माती, ती काय कुणाची वाट बघती व्हय? तासाभरात सगळा राडा. सर डोक्याला हात लावून बसले. एक मास्तर म्हणला, "वर्गातले पंखे आणून लावू." उघड्या रानात पंखे! शिकून माणूस लई लांब जातं बघा.

म्या म्हणलं, "सर, पंखे राहू द्या. सोयाबीनचं भुसकट आणा, चार पोती."

मी सोताच्या रानात खळं कदी केलं न्हाय, रानच नव्हतं. लोकाची खळी मात्र किती केली त्याचा हिशेब न्हाय. भुई खुरपायची, पाणी मारायचं, भुसकट टाकून बैलं फिरवायची, मग शेणानं सारवायचं. ज्वारी त्येंची, रास त्येंची, गुडघे माझे. लेकरू पाटीत निजवून सारवायची मी. एकदा ते रांगत ओल्या खळ्यात आलं तर मालकीण लेकरावर न्हाय, खळ्यावर हळहळली. आता मशिनं आली, खळी गेली. गुडघे तेवढे दुखत राहिले.

भुसकट पसरलं, पर बैलं कुठून आणायची? म्या खेळणाऱ्या पोरींकडं बघितलं.

"बायांनो, वाहाणा काढा. खांबाभवती फिरा."

एक म्हणली, "आजी, बैलावानी मुसक्या बी बांधा की आमाला!"

"बांधल्या असत्या. पर तुमी खाताव कमी आन् बोलताव लई, मुसकी फाटंल."

पोरी हसत फिरल्या. एक खांब झाला की दुसरा. दिवस मावळंस्तोवर माती बसली. सकाळी उजाडायच्या आत म्या येऊन पातळ शेण कालवलं आन् सगळं मैदान सारवून काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय. खळं म्हणलं की सारवण आलंच.

सर आले आन् जाग्यावर थांबले. "आजी! हे शेण हाय?"

"मग श्रीखंड हाय व्हय?"

"अवो, ह्याच्यावर खो-खो खेळतेत का कुठं!"

तेवढ्यात पंच आला. सरांचा चेहरा शेणापरीस वंगाळ झालता. पंचानं वाकून बोट दाबलं, वास घेतला. त्याच्या बी घरी कदी खळं असंल. म्हणला, "टणक हाय. पर वरचा शेणाचा हात ओला हाय. धा वाजेस्तोवर वाळू द्या. तोवर एक जरी पाऊल उमटलं तर मी हितं खेळवणार न्हाय."

झालं. मी केरसुणी घिऊन कडंला उभी राहिले. कुत्री हाकलली, मास्तर हाकलले. आन् जे कदी हुत न्हाय ते झालं, उद्घाटनाला बोलावलेला पुढारी येळेच्या आदी आला. मागं पन्नास माणसं, समद्यांच्या पायात बूट. खांबापशी नारळ फोडायचा म्हणून सरळ निघाला. प्रिन्सिपल हार धरून हसायले, आडवाया कुणी फुडं हुईना. पुढाऱ्यानं एक बूट टेकवला बी.

म्या केरसुणी आडवी धरली. "थांब बाबा."

"आजी, वळखलं न्हाय व्हय मला?"

"वळखलं की, मतं मागाया आलतास. ओल्या खळ्यावर पाय टाकला की त्या सालात रास भरत न्हाय. आन् निवडणूक जवळ आलीय म्हणं."

असलं काय नसतंय. म्या तितंच जुळवलं. पर पुढाऱ्यानं पाय असा उचलला, जसा इस्तवावर पडलाय. पन्नास माणसं मागं सरकली. नारळ कडंच्या दगडावर फुटला.

बुटाचा एक ठसा उमटलाच व्हता. म्या वाकून तळहातानं पुसला. पंच तितंच उभा व्हता. त्यानं घड्याळ बघितलं, मग आभाळ बघितलं, मग सरांना म्हणला, "फक्की मारून रेघा आखून घ्या."

आमच्या पोरी पयलाच सामना हारल्या. थोडक्यात गेला. पर कडंला त्येंच्या आया, बाप, चुलते बसलते, आन् पोरींना घरी हाळी मारत न्हायत तेवढ्या मोठ्यांदा ती माणसं वरडायली व्हती. मुसकीवाल्या पोरीचा बाप तर पंचाच्या अंगावर गेला, त्याला दोघांनी धरून बसवला.

संध्याकाळी मी टाकीपशी पेले इसळायली व्हते. तोच बाप आला. पाणी प्याला, रेंगाळला. म्हणला, "मावशे, फुडल्या साली सामने कुठं हायत?"

"तुळजापूरला हायत म्हणं."

"लांब पडतंय." परत एक पेला प्याला. "तुमी जाणार का पोरींबर?"

म्या म्हणलं, "जाईन की. पर तू येऊ नको बाबा, तितला पंच मारील तुला."