सड्यावरच्या बागेतली तिन्हीसांज

आमच्या शहरातल्या मोठ्या बागेला आई कधीच बाग म्हणत नाही. तिच्यासाठी तो सडाच. पूर्वी तिथे, डोंगराच्या सपाट माथ्यावर, नुसता कातळ होता आणि मधोमध जांभ्या चिऱ्याची खाण. लग्नाआधी आई तिथे गुरं राखायची, गवत कापून भारे खाली आणायची. पुढे चिरा संपला, खाणीत पाणी साठून तळं झालं. मग कोणीतरी भोवती माती टाकली, झाडं लावली, फिरायला वाट केली. आता सकाळी तिथे माणसं गोल उभी राहून मोठमोठ्याने हसतात, दुपारी कॉलेजातली जोडपी असतात आणि संध्याकाळी लग्न ठरलेल्यांचे फोटो चालतात. हसणाऱ्यांची आईला फार गंमत वाटते. "आमी असं हसलो असतो तर गुरं पळाली असती," म्हणते.

काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली आहे. उजेडात माणसाचा आकार कळतो, दिवस कलला की तोही नाही. तरी रोज बागेत जायचा हट्ट. "सड्याला डोळे कशाला लागतात? पाय हायत ना माजे." मलाही ते पटलं होतं. एवढीच माझी अक्कल.

गेल्या थंडीतली गोष्ट. तिला बाकावर बसवलं आणि मुंबईहून भावाचा फोन आला. आईच्या कानावर नको म्हणून मी झाडांपलीकडे गेले. तिला कशाला बागेत नेतेस, पडलीबिडली म्हणजे, असं त्याचं सुरू झालं. "मी मेलेय का इथे?" मी फणकारले. असंच बरंच झालं. फोन ठेवून परत आले तर बाक रिकामा.

तळ्याचा एका अंगाचा कठडा पावसाळ्यात ढासळला होता, तिथे नुसती दोरी बांधली होती. खाणीची कड सरळ कापलेली असते. उतार नाही, पायरी नाही, पाऊल पडलं की थेट पाणी. मी "आई!" म्हणून ओरडले. उत्तर नाही. घसरगुंडीपाशी पळाले, तिथून ओरडले. मग फाटकाकडच्या वळणावरून. अंधारत चाललं होतं.

चौथ्यांदा ओरडले तेव्हा ती दिसली. मोकळ्या कातळावर, माझ्यापासून बरीच लांब, तळ्याच्या बाजूला. हाक तिला ऐकू गेली होती. तिने मान वर केली, क्षणभर कान दिला आणि पाठ फिरवून काठी टेकत भरभर तळ्याकडेच चालू लागली.

मी हादरले. आईला मी नकोशी झालेय की काय, असंही मनात येऊन गेलं. आणि मग आठवलं. लहानपणी तिनेच शिकवलं होतं, तिन्हीसांजेला सड्यावर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. वाट चुकवणारा चकवा एकदा बोलावतो, फार तर दोनदा. एकाच जागेवरून लागोपाठ तीन हाका माणूसच मारतो. तिसरी आली नाही तर आवाजाकडे पाठ करायची आणि निघायचं. मी मात्र जागा बदलत, प्रत्येक ठिकाणाहून एकेकदाच ओरडत होते. तिला पाण्याकडे मीच हाकलत होते.

धावावं तर पावलं ऐकून ती आणखी घाई करणार. मी जागच्या जागी उभी राहिले आणि पहिल्यापासून हाका सुरू केल्या.

"आई!" ती चालतच होती.

"आई!" दोरी तिच्या पोटाला लागली. तिने ती चाचपली आणि वर उचलली.

मी छाती भरून श्वास घेतला.

"आई गो!"

"ओ," ती म्हणाली आणि थांबली.

मी पोचले तेव्हा तिच्या काठीचं टोक कडेबाहेर पाण्यावर होतं. तिचा दंड जो धरला तो रिक्षात बसल्यावरही सोडवेना. भीती ओसरली तशी मी तिच्यावरच चिडले, रडले. इतकी वर्षं झाली, आणि माझा आवाज ओळखला नाहीस?

"वळखला तर," ती म्हणाली. "तुजाच आवाज व्हता. म्हणून तर भियाले. तो आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावतो गो."