झाला, का होऊन राहिला?

"झाला, का होऊन राहिला?" असं विचारताना भाऊ फाशांवर पालथा तळहात ठेवत. तो हात उचलला जाईपर्यंत फाशांना शिवायची कोणाची बिशाद नव्हती. अडलेल्या गायी-म्हशी जन्मभर सोडवलेला हात होता तो. तुम्ही पाहायला हवा होता.

भाऊ चांदूर बाजारला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. रविवारी दुपारी अमरावतीत, शिकवणीच्या एका रिकाम्या खोलीत, ते आम्हा चौघांचा डाव चालवत. भाऊ राक्षस-जादूगारांची गोष्ट सांगणार, आम्ही तिच्यातलं एकेक पात्र होणार, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवणार. नियमांची पुस्तकं इंग्रजी, पण भाऊंचे राक्षस अस्सल वऱ्हाडी बोलत.

माझं पात्र कुलपं उघडणारीचं. पुण्याहून बदलून आलेल्या एका इंजिनिअरने रूप पालटणारा जादूगार घेतला आणि माझं कामच संपलं. दार बंद असलं की हा उंदीर होऊन फटीतून आत. नदी आडवी आली की मासा, मारामारी असली की अस्वल. तीन रविवार मी नुसता चिवडा खाल्ला. शेवटी भाऊंना सांगून टाकलं की मी आता येत नाही, आणि बाकीचे दोघेही त्याच विचारात आहेत. डाव मोडत होता आणि ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. एवढंच म्हणाले, "एक रविवार ये. मंग सोड."

त्या रविवारी गोष्टीतल्या दरोडेखोरांनी आम्हाला घेरलं. इंजिनिअर एव्हाना आमची बोली उचलायला लागला होता आणि त्याचं त्याला भारी कौतुक. ऐटीत म्हणाला, "मी वाघ होऊन राहिलो." त्याच्या पुणेरी डोक्यात अर्थ असा, की झालो आणि आता वाघच राहणार.

भाऊंचा हात फाशांवर पडला. "होऊन राहिला न? म्हंजे अजून झाला नाई."

इंजिनिअर भांडला. भाऊ ढिम्म. "आमच्या इकडं राहिलो म्हंजे काम चालू हाय. वासरू पडल्या पडल्या पळते का? उभं राहाले बी टाइम लागते."

अर्धा माणूस, अर्धा वाघ, शेपटी पायजम्यात अडकलेली, अशा अवस्थेत त्याच्यावर पिंजरा पडला. उंदीर होतो म्हणाला, तर ते होईपर्यंत दरोडेखोरांचे भाले पोचणार. बाकीचे दोघे भाले अडवायला धावले. पिंजऱ्याला कुलूप होतं. भाऊंनी फासे माझ्याकडे सरकवले.

तेव्हापासून नियमच झाला. रूप पालटायला एक अख्खी पाळी लागणार, आणि तोवर बाकीच्यांनी त्याला राखायचं. डाव कोणी सोडला नाही. इंजिनिअर तर रूप घेण्याआधी आमची तोंडं पाहू लागला.

मागच्या वर्षी मी पुण्यात अशा खेळांच्या एका मेळाव्याला गेले होते. शेजारच्या टेबलावर एक अनोळखी मुलगी शुद्ध पुणेरी सुरात म्हणाली, "मी घुबड होऊन राहिले," आणि डाव चालवणाऱ्याने फाशांवर पालथा हात ठेवला. हा नियम कुठला, त्यांना ठाऊक नव्हतं. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, पण मी उठून सांगितलं, हा आमच्या भाऊंचा नियम आहे, अमरावतीचा. आवाज जरा जास्तच चढला असेल. चढू दे.

भाऊ तेव्हा अकोल्याला मुलीकडे असत आणि नुकतेच दवाखान्यात भरती झाले होते. परतताना मी अकोल्यालाच उतरले. मेळाव्यातल्या त्या मुलीचं वाक्य त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग सलाईन बदलणाऱ्या सिस्टरला म्हणाले, "आपली बोली पुण्याले नियम झाली, बाई."

तब्येत विचारली तर म्हणाले, "बरा होऊन राहिलो."

त्यांच्याच नियमाने त्याचा अर्थ मला कळत होता. त्यांच्या हातावर हात ठेवून म्हटलं, "तोवर आमी हाओ न भाऊ, राखाले."

ती पाळी काही पुरी झाली नाही. चार दिवसांनी भाऊ गेले.

रविवारी दुपारी डाव आता मी चालवते. कोणी रूप घ्यायला लागलं की माझा हात आपसूक फाशांवर पालथा पडतो, आणि सगळे थांबतात.