सटाण्याचे एकवीस किलोमीटर आणि मध्येच थांबलेली एसटी

सटाण्याला पळायला जायचं ठरलं तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. त्याआधी मी मन लावून पळाले असेन तर ती फक्त अंबडला जाणारी कंपनीची बस चुकू नये म्हणून. ही गोष्ट २००५ची. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं आणि माझी पाचावर धारण बसली. आधी गोल्फ क्लबच्या मैदानावर चालायला लागले, मग चालताचालता पळायला. सहा महिन्यांत दहा किलोमीटर जमू लागले, तेवढ्यात कंपनीतल्या एकाने सटाण्याच्या शर्यतीचा फॉर्म आणून दिला. अंतर एकवीस किलोमीटर, फी पन्नास रुपये, वर एक बनियन आणि ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा फुकट.

घरात माझ्यापेक्षा जास्त हुरूप अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. एसटीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला माणूस. जिल्ह्यातला प्रत्येक चढ त्यांच्या पायाला ठाऊक, फक्त तो पाय क्लचवर असायचा. मी किती पळाले ते रोज स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायचे आणि गल्लीभर सांगायचे, "आमची शोभा एकवीस पळणार आहे." झालं, आता माघार घ्यायची सोय नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी तेव्हा कोणाला सांगितली नव्हती. शर्यतीच्या तीन आठवडे आधी, एका रविवारी, मी पहिल्या गाडीने त्र्यंबकला गेले. तिथून पळत सातपूरच्या अलीकडे यायचं, की एकवीस भरतात, असा अण्णांचा हिशोब. हा रस्ता सरावाला झकास आहे, उतार जास्त आणि डावीकडे-उजवीकडे डोंगर. पण त्या काळी रस्त्यावर सलवार-कमीज घालून धावणारी बाई दिसली की लोकांना वाटायचं, हिच्या घरी काहीतरी झालंय. अंजनेरीपासून तीन स्कूटरवाले थांबले. "ताई, बसा, सोडतो." तिघांना नको म्हटलं. महिरावणीला पंधरा किलोमीटर झाले आणि पोटऱ्यांत असे गोळे आले की मी दगडावर बसले. मागून एसटी आली. मी हातसुद्धा केला नव्हता, पण आपल्याकडे रस्त्याकडेला बाई दमून बसलेली दिसली की ड्रायव्हर गाडी थांबवतोच. मी चढले.

सातपूरला उतरून चालत घरी गेले. अण्णा दारातच. "झाले का गं एकवीस?" मी म्हटलं, "झाले." त्यांनी कॅलेंडरकडे धाव घेतली. पुढचे तीन आठवडे मी त्या चौकोनाकडे बघितलंच नाही. खोटं बोलल्याची लाज होतीच, पण खरी धास्ती वेगळी होती. पंधराच्या पुढे माझे पाय कधी गेलेलेच नव्हते, आणि ते फक्त मलाच माहीत होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, अण्णा आणि मी निघालो. आमच्या यांची सेकंड शिफ्ट होती, म्हणून हे घरीच राहिले. कोणाला जायचं असेल तर सांगते, पिंपळगावपर्यंत बसायला जागा मिळेल ही आशा सोडा. चांदवडच्या अलीकडे सोग्रस फाट्यावर गाडी डावीकडे वळते, तिथला चहा घ्या, भजी घेऊ नका. भावडबारीच्या घाटात अण्णा सीटवर बसल्याबसल्या गिअर बदलत होते. अडीच-तीन तासांत सटाणा.

मुक्काम अण्णांच्या जुन्या कंडक्टरकडे. त्यांच्या बायकोने खापरावरचे पुरणाचे मांडे केले होते. पाहुण्याने दोनावर थांबायचं हे त्या घराला मंजूरच नाही. "खा माय, सकायले पळनं शे ना," म्हणत तिसरा ताटात पडला. पळणाऱ्यांनी आदल्या दिवशी हलकं खावं असं सगळे सांगतात. सांगणारे सटाण्याला कधी जेवले नसावेत.

सकाळी सात वाजता शंभरेक पुरुष आणि आम्ही चौघी बायका. देवळ्याच्या रस्त्याने साडेदहा किलोमीटर जायचं आणि तसंच परत. अण्णा एसटी पकडून वळणाच्या ठिकाणी आधीच जाऊन बसले होते. मी वळले तेव्हा ते ओरडले, "श्वास सांभाळ, घाई नको." दोन्ही बाजूंना कांद्याची निंदणी चालली होती. वावरातल्या एका म्हातारीने विचारलं, "कोनी मांगे लागनं का व माय?" हसू आलं, पण हसायला दम परवडत नव्हता.

पंधरावा किलोमीटर आला. पाटी दिसली आणि पोटऱ्या आपणहून दुखायला लागल्या. मी घाम पुसायला हात वर केला, आणि मागून येणारी एसटी कचकन ब्रेक मारून माझ्याशेजारी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "या ताई, बसा पटकन." देवाशपथ सांगते, माझा पाय पायरीकडे वळला होता.

तेवढ्यात ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून अण्णांनी डोकं बाहेर काढलं. परत सटाण्याला निघाले होते. शांतपणे ड्रायव्हरला म्हणाले, "जाऊ दे रे. तिला आज बस नकोय."

आज.

गाडी गेली. मी रस्त्यात उभीच. म्हणजे अण्णांना माहीत होतं. आधी कानशिलं तापली, आणि मग छातीवरचं ओझं असं उतरलं की मला रडूच आलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं, फक्त पळायचं होतं. पुढचे सहा किलोमीटर मी कधी पळाले, कधी चालले, एकदा बांधावर बसून पाणी प्याले. बायकांत चौथी आले, म्हणजे शेवटची. पण आले.

अण्णा चहाचा ग्लास घेऊन उभे होते. मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. त्र्यंबकच्या गाडीवरचा पोरगा माझ्या हाताखाली शिकलाय. म्हणाला, तुमच्या सूनबाईंना सुखरूप आणलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

घरी आल्यावर मी पहिल्यांदा कॅलेंडरचं पान मागे उलटलं. जानेवारीतले सगळे आकडे निळ्या पेनाने लिहिलेले, त्या रविवारचा एकवीस तेवढा, निळी शाई ब्लेडने खरवडून, त्या जागी पेन्सिलीने. अण्णांनी खोडरबर आणून दिलं. मी तो आकडा पुसला आणि पेनाने पंधरा लिहिलं. शर्यतीच्या रविवारच्या चौकोनात एकवीस अण्णांनी स्वतः लिहिलं.

पुढे साखरही खाली आली, त्यानंतर आणखी शर्यती झाल्या. अण्णा आता नाहीत. पण पळताना पाय जड झाले की मला सटाणा आठवत नाही, आठवतं ते त्या दिवशीचं स्वयंपाकघर. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझा आकडा नीट वाचला होता आणि म्हणाले होते, "पंधरा काही कमी नव्हते गं, शोभा. तेव्हाच सांगितलं असतंस तर मी तेही गल्लीत सांगितलं असतं."