शनिवारचं उष्टं केळं

करमाडजवळच्या माकडांच्या आश्रयकेंद्रात सांडू निम्मा जन्म राबला. मदाऱ्यांकडून सोडवलेली माकडं तो लेकरांसारखी सांभाळायचा. एक गोष्ट मात्र त्यानं तिथं कुणाला कळू दिली नव्हती. शनिवारी थोराड हुप्प्या अर्धं केळं खाऊन उरलेलं पिंजऱ्याच्या मातीत टाकायचा. सांडू ते हळूच उचलायचा, बाहीला पुसायचा आणि घरी नातीला, प्रेरणाला, खाऊ घालायचा. मारुतीचं उष्टं पोटात गेलं की पोर ठणठणीत राहणार, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती.

आज शनिवारच होता, आणि डॉक्टर सई माकडांची विष्ठा तपासत होत्या.

“मामा, बघा,” म्हणत त्यांनी सूक्ष्मदर्शक त्याच्याकडे सरकवला. काचेवर पिंपाच्या आकाराची तपकिरी अंडी पसरली होती. “जंतांची आहेत. पिंजऱ्यातल्या मातीत महिनोन्महिने टिकतात. तोंडावाटे गेली तर माणसालाही जंत होऊ शकतात.”

सांडूनं काचेवरचा डोळा काढून त्यांच्याकडे पाहिलं. “लेकराच्या पोटात गेली तर, म्याडम?”

“पोट दुखतं, लेकरू वाळत जातं. औषध आहे, पण आधी कुणाला कळायला तर हवं.”

खिशातलं केळं त्याला मांडीशी ओलं लागत होतं. तेवढ्यात मोबाइल वाजला. बायको होती, वच्छलाबाई.

“आवं, प्रेरणाचं पोट लई दुखायलंय. अन्नाला शिवंना. आज मारुतीचं उष्टं जरा जास्तीचं आणा.”