राठोड सरांचा 'गेट'

राठोड सर गेल्याचं मला हिंगोलीच्या बसस्टँडवर कळलं, डोंगरकड्याच्या एका ओळखीच्या कंडक्टरकडून. "तुमचे सर गेले की हो," एवढंच म्हणून तो गाडीत चढला. मी तिथल्याच बाकावर बसून राहिलो... माझी गाडी लागली, सुटली, तरी उठलो नाही. या वयात रडूसुद्धा लवकर येत नाही, नुसता शीण येतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शिरड शहापूरजवळच्या एका शाळेत आम्ही एकत्र होतो; मी मराठीला, ते इंग्रजीला. तांड्यातून शिकून आलेला हा माणूस सहावीला महिना महिना 'गेट' हा एकच शब्द शिकवायचा. "जोशी सर, पोरगं सकाळी उठलं, गेट अप. पाणी आणलं, गेट वॉटर. भिजलं, गेट वेट. दुखण्यातून उठलं, गेट वेल. समजलं तरी गेटच! लेकरायचा अख्खा दिवस निघतो बघा एका शब्दावर." पोरं मैदानात एकमेकांना 'गेट आउट' ओरडत पळायची. मी हसायचो. मनातून जरा जळायचोही. माझ्या तासाला तेवढा दंगा कधी झाला नाही.

मग तपासणी आली. साहेबांनी पुस्तकातली इंग्रजी कविता म्हणायला सांगितली. सगळा वर्ग गप्प. मुख्याध्यापकांनी कागद तयार केला, राठोड अभ्यासक्रम शिकवत नाहीत म्हणून, आणि खाली आम्हा शिक्षकांच्या सह्या मागितल्या. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. मी सही केली. सरांची बदली डोंगरकड्याला झाली.

तरी दर रविवारी ते हिंगोलीला माझ्या घरी येत राहिले, माझ्या मुलीला इंग्रजी शिकवायला. "तिला जमून राहिलंय," म्हणायचे. एकदाचं सांगून टाकावं असं दर वेळी वाटायचं... चहा व्हायचा, ते निघून जायचे. अशी कितीतरी वर्षं गेली.

दिवसपाणी झाल्यावर सरांच्या घरी भेटायला गेलो आणि वहिनींपुढे सगळं बोलून मोकळा झालो. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यायनं तो कागद तवाच बघितला व्हता, भाऊ. मला म्हणले, जोशी सरायला कळू देऊ नको. मंग शरमेनं ते पोरीला शिकवू द्यायचे न्हाईत."

मुलगी आता पुण्यात इंग्रजीची शिक्षिका आहे. फोन आला की सरांविषयीच बोलत राहते आणि मी नुसता हो-हो म्हणतो. तिला अजून सांगितलेलं नाही.